वहिनींची शेंगाचटणी ऑनलाइन आणि रिफंडच्या पानाचा छळ

सोलापुरात शेंगाचटणी घरोघरी होते, मग ती विकत कोण घेणार, असं वहिनींनीच आधी विचारलं होतं. घेणारे पुण्या-ठाण्यात आहेत. नोकरीपायी गेलेली आपलीच माणसं सणाला येतात, जाताना डबा भरून नेतात आणि डबा संपला की फोन करतात. मला रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून वेबसाइटशी खुडबुड करायची जुनी खोड आहे, त्यामुळे साइट मीच करणार हे ठरलेलंच होतं. पानं साधी, मराठीत, मोबाइलवर पटकन उघडणारी. त्यात काहीच अवघड गेलं नाही.

खाद्यपदार्थाची सरकारी नोंदणीसुद्धा सरळ झाली. आम्ही केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना लायसन लागत नव्हतं, नुसती नोंदणी पुरत होती आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा दिला, १४ अंकी नंबर आला. तो पाकिटावर छापायचा, हिरव्या चौकोनातल्या हिरव्या ठिपक्यासकट.

घोडं पेंड खायला लागलं ते पैसे घेण्यापाशी.

साइटवर कार्डाने, यूपीआयने पैसे घ्यायचे तर मधे एक पेमेंट कंपनी लागते. नाव घेत नाही, पण जाहिरातीत ‘काही मिनिटांत सुरू करा’ म्हणतात त्यांतलीच. धंदा वहिनींच्या नावावर, म्हणून पॅन त्यांचं, खातं त्यांचं आणि मोबाइलही त्यांचा. ओटीपी येणार त्यांच्या फोनवर आणि त्या उखळापाशी. शेंगा खरपूस भाजून, सालं पाखडून, लसूण-जिरं-तिखट-मीठ घालून कुटायला बसल्या की मधे उठायचं नाही, कारण कुटता कुटता तेल सुटायला लागतं तेव्हाच चटणीचा गोळा धरतो. मिक्सरमधून काढली की नुसता भुगा. तर हात मनगटापर्यंत लाल, फोन फळीवर, आणि मी बाहेरून ओरडतोय, “वहिनी, आकडे सांगा!” त्या म्हणायच्या, “भावजी, थांबा की जरा, डोळ्याला हात लागंल माझा.” तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुढे तो फोन मीच माझ्याजवळ ठेवायला लागलो. तुम्हीही तेच करा.

कागद चढवले आणि वाट बघितली. मेल आली, इंग्रजीत: तुमच्या वेबसाइटवर रिफंड पॉलिसी आढळली नाही. आता ते पान होतं. ‘पैसे परत कधी आणि कसे’ असा ठळक मथळा होता, प्रत्येक पानाच्या तळाशी त्याची लिंक होती. मी लिंक पाठवली. पुन्हा तीच मेल, शब्दाला शब्द, फक्त खाली सही दुसऱ्या कुणाची. पुन्हा लिंक पाठवली, सोबत स्क्रीनशॉट, त्यावर लाल बाण. पुन्हा तीच मेल. फोन करावा तर तिथे यंत्र बोलतं. एक दाबा, दोन दाबा, आणि माझी अडचण कुठल्याच आकड्यात बसत नाही. माणूस भेटेल या आशेवर मी गाणं ऐकत बसायचो आणि गाणं संपलं की फोनच कटायचा.

शेवटी वैतागून सरळ लिहिलं की साइट मराठीत आहे, गिऱ्हाईक मराठी आहे, चटणी सोलापूरची आहे, तर रिफंडचं पान मराठीत असायला तुमची हरकत काय? तेव्हा कुठे एका मुलाचा फोन आला. बिचारा सज्जन होता. म्हणाला, पान दिसतंय हो, पण तपासणाऱ्याला वाचता येत नाही आणि त्याच्या यादीत इंग्रजी मथळे आहेत. ते सापडले नाहीत की तो फुली मारतो.

एवढंच पहिल्या मेलमध्ये लिहिलं असतं तर!

रात्रीतून रिफंड, प्रायव्हसी, शिपिंग, अटी आणि संपर्क अशी पाच पानं इंग्रजीत करून तळाला लावली. गिऱ्हाइकाने ती आजवर उघडलेली नाहीत, मी बघतो ना आकडे. त्यावर नवी शंका: वस्तू किती दिवसांत परत घ्याल ते स्पष्ट करा. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, “उष्टी चटणी परत घेऊन काय करू मी? उखळात घालू?” त्याचं इंग्रजीत असं झालं की खाद्यपदार्थ परत घेतला जाणार नाही, पाकीट फुटलं किंवा भलतंच आलं तर ४८ तासांत फोटो पाठवा, नवं पाकीट किंवा पैसे मिळतील. हे मात्र एका फटक्यात मंजूर.

मग निघालं नावाचं. साइटवर चटणीचं नाव, बँकेत वहिनींचं. यावर उपाय म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद. आधार-पॅनवर घरबसल्या होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, त्यामुळे शोधताना जी साइट पैसे मागेल ती एजंटाची समजा. त्या दाखल्यावरचं नाव आणि साइटच्या तळाचं नाव अक्षर न् अक्षर एक ठेवा. मालकीण कोण, हेही तळाला एका ओळीत लिहा. खरं तर हे सगळ्यात आधी करून ठेवायचं काम.

मंजुरी आली त्या संध्याकाळी मी स्वतःच दहा रुपयांचं पाकीट तयार करून स्वतःच विकत घेतलं, आणि पैसे वहिनींच्या खात्यात पडलेले दिसेपर्यंत कुणाला बोललो नाही. दिसले तेव्हा अख्ख्या वाड्याला सांगितलं.

मधेच आठवलं ते सांगतो. जीएसटी क्रमांक नसेल तर करपात्र माल राज्याबाहेर विकता येत नाही, म्हणून ऑर्डर महाराष्ट्रापुरतीच घ्यायची. मी पिनकोड तपासणारा छोटा कोड लिहिला: सुरुवात ४० ते ४४ असेल तर पुढे जाऊ दे. पण गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. तेवढे वगळायची एक जादा ओळ घालावीच लागते. कुणी असंच काही करत असेल तर ही ओळ विसरू नका. आणि लेबलचा मजकूर छापखान्याच्या फाइलमधून साइटवर चिकटवायला जाऊ नका. त्यांचे फॉन्ट जुन्या पद्धतीचे असतात, ‘शेंगा’च्या जागी कसली तरी चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसतं त्या मराठीत, पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

कंपनी कार्डाच्या व्यवहारावर दोनेक टक्के कापते, वर त्या कापण्यावर जीएसटी. शिवाय निम्मे लोक अजूनही साइट बघून व्हॉट्सअ‍ॅपवरच “दोन पाव किलो पाठवा” म्हणतात आणि वहिनींच्या क्यूआरवर पैसे टाकतात. वहिनींना तेच सोयीचं वाटतं.

कडक भाकरीही मागतात सगळे. पण कुरियरने गेली की पुण्याला चुरा पोचतो, म्हणून ती साइटवर ठेवलेली नाही. ती खायची तर सोलापूरला या.