तुम्ही विचारलंत म्हणून : आठवड्याला एक तास का नाही?

"अहो ताई, अख्खा आठवडा कशाला? आठवड्याला एक तास घेतला तर नाही का चालणार?"

इंदूरच्या सुदामानगरातल्या पालकसभेत हा प्रश्न येतो, रामबागेत गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता येतो, आणि भंवरकुआँला मुलांना क्लासला सोडायला आलेले बाबा गाडीची काच खाली करूनही तोच विचारतात. प्रश्न आहे शाळेतल्या हातकामाच्या आठवड्याचा : नववी ते अकरावीची मुलं, वर्षातून एकदा, सोमवार ते शनिवार, रोज साडेचार तास सायकल खोलतात आणि परत जोडतात. त्याच आठवड्यात शिवण, सुतारकाम, बेकरी हेही असतं. ते तुम्हाला माहीत आहे, मी सायकलीपुरतंच बोलते. "पोरांना काय पंक्चरचं दुकान टाकायचंय?" हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर एवढंच की नाही, आणि एखाद्यानं टाकलंच तर मला आनंद होईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजवर कधीच पुरतं देता आलेलं नाही, कारण ते ऐकायला कुणी थांबत नाही.

आधी तासांचा हिशेब. साडेचार तास सहा दिवस म्हणजे 27 तास. 40 मिनिटांच्या तासिका केल्या तर साधारण 40 होतात, म्हणजे आठवड्याला एक धरली की शाळेचं वर्ष भरतं. कागदावर सगळं जुळतं. पण काळ्या, साध्या सायकलचं मागचं चाक काढून हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडला की दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे निघतात. पुढच्या हबात ते 3/16 इंची, दहा-दहा. जुनं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असतं. छर्रे डिझेलमध्ये धुवायचे (रॉकेल हल्ली सहज मिळत नाही), कापडावर पुसायचे, मोजायचे, कपात ग्रीस भरून त्यात एकेक बसवायचे. 40 मिनिटांतली दहा हत्यारं वाटण्यात जातात, दहा आवरण्यात आणि हात धुण्यात. उरलेल्या वीस मिनिटांत हब उघडून होतो, बंद होत नाही. पुढच्या आठवड्यात कुठला वायसर आत होता आणि कुठला बाहेर, हे कुणालाच आठवत नाही, आणि ट्रेमध्ये नवाच्या जागी आठ छर्रे असतात.

हब बंद करणं हेही एका झटक्याचं काम नाही. कोन (छर्ऱ्यांवर टेकणारा शंकूसारखा नट) हातानं टेकेपर्यंत फिरवायचा, पाव फेरा मागे घ्यायचा, मग वरचा नट कसायचा. नट कसताना कोन सोबत किंचित पुढे सरकतो आणि चाक जड होतं. म्हणून परत ढिलं करा, परत लावा. बरोबर झालंय हे कळतं कसं? चाक अधांतरी सोडायचं. व्हॉल्व्हची बाजू जड असते, ती आपोआप झुलत खाली येऊन थांबली पाहिजे. अध्येमध्ये अडलं तर कोन घट्ट आहे. रिम धरून आडवी हलवली आणि कटकट आवाज आला तर ढिला आहे. हे तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमतं. दोन खेपांच्या मध्ये आठवडा गेला तर प्रत्येक खेप पहिलीच असते.

मंगळवारी घरी जायच्या आधी प्रत्येक निपलच्या (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाच्या) मुळाशी तेलाचा एक थेंब सोडायचा. ते रात्रभर मुरलं नाही तर बुधवारी गंजलेली निपलं चावीखाली गोल होतात. बुधवार म्हणजे आऊट, म्हणजे फिरताना चाकाचं डावी-उजवीकडे डुलणं, काढायचा दिवस, आणि मला विचाराल तर हा सगळा आठवडा त्या एका दिवसासाठी आहे. सायकल उलटी ठेवायची, चाक फिरवायचं, चिमट्याला (चाक धरणाऱ्या दांड्यांना) हात टेकवून रिमच्या कडेजवळ खडू धरायचा. रिम जिथे बाहेर झुकते तिथे पांढरी रेघ उठते. रिम डावीकडे झुकली असेल तर त्या जागचे उजव्या बाजूचे स्पोक पाव फेरा कसायचे आणि डावीकडचे तेवढेच ढिले करायचे. मुलं नुसती कसत जातात. आऊट निघाल्यासारखा दिसतो, पण रिम त्या जागी आत ओढली जाते आणि चाक गोल राहत नाही. तशात हबच्या बाजूनं बघताना चावी घड्याळाच्या उलट फिरवली की स्पोक कसला जातो, त्यामुळे अर्धा वेळ मुलं जे कसायचं तेच ढिलं करतात. मागच्या चाकात 40 स्पोक. एक चुकला की शेजारचे चार ताणात येतात, आणि बुधवारी दुपारी जवळजवळ प्रत्येक चाक सकाळपेक्षा वाईट असतं.

ते तसं व्हावंच लागतं, आणि त्यानंतर गुरुवार यावा लागतो. तासिकेच्या पद्धतीत बुधवार येतो, गुरुवार येतच नाही. मूल बिघडवून ठेवतं आणि घंटा होते.

आता मुख्य गोष्ट. ही एका शाळेतली आहे, नाव सांगत नाही.

शनिवारी प्रदर्शन होतं. पाहुणे येणार होते, पालक येणार होते. नववीतल्या एका मुलीकडे तिच्या आजोबांची जुनी सायकल होती. मागच्या चाकाला सुरुवातीला बोटभर आऊट होता. तिनं आणि तिच्या जोडीदारानं शुक्रवारी दीडपर्यंत तो साधारण तीन मिलिमीटरवर आणला होता. उरलेला होता तो रिमच्या सांध्यापाशी. तिथे रिम मुळातच थोडी उचललेली असते, म्हणून तो सर्वांत शेवटी निघतो आणि पुष्कळदा पुरता निघतच नाही. तिनं सांध्याजवळच्या चार स्पोकांवर खडूनं खुणा केल्या, वहीत लिहिलं की उजवीकडचे दोन पाव फेरा कसायचे, डावीकडचे दोन पाव फेरा ढिले, शनिवारी सकाळी. आणि ती घरी गेली.

शनिवारी तिनं चाक फिरवलं तर ते सरळ धावत होतं. खडूच्या खुणा पुसलेल्या, रिम पॉलिश केलेली. निपलांवर पकडीचे नवे ओरखडे, आणि आमच्याकडे पकड कुणाच्याच हातात देत नाहीत. जोडीदारानं सायकलचं काम शिकवणाऱ्या मिस्त्रींना विचारलं, "चाचा, आपने किया क्या?" त्यांनी हात लावला नव्हता. मग कळलं की संध्याकाळी व्यवस्थापनानं बाहेरून माणूस बोलावून सगळ्या बारा सायकली 'नीट' करून घेतल्या होत्या.

मुलीनं तक्रार केली नाही. पाहुणे तिच्यापाशी थांबले, चाक फिरवून बघितलं, म्हणाले, "ये तुमने किया?" ती म्हणाली, "नहीं सर, ये मेरा नहीं है." शेजारी उभे असलेले सर हसून म्हणाले, "उसी का है, शरमा रही है." पाहुण्यांनी तिच्या पाठीवर थाप दिली आणि फोटो निघाला. वही तिच्या हातातच होती, चार स्पोकांची नोंद असलेलं पान उघडं, आणि कुणी त्यात डोकावलं नाही.

पुढच्या वर्षी तिनं बेकरी निवडली. दोन गोष्टींची सांगड घालायचा मोह होतो, पण घालत नाही. तिला खरंच पाव करायला आवडत असेल.

व्यवस्थापनाची बाजूही सांगायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. त्यांचं म्हणणं सुरक्षेचं होतं : मुलांनी जोडलेली सायकल रस्त्यावर जाणार, उद्या काही झालं तर? बरोबर आहे. म्हणूनच कोणतीही सायकल चालवायच्या आधी मिस्त्री पाच गोष्टी बघतात : अॅक्सलचे नट, ब्रेक, हँडलचा दांडा, पॅडल, चेनची ढिलाई. चूक सापडली तर ते बोट दाखवतात आणि पाना मुलाच्याच हातात देतात. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून कुणी जबरदस्ती केली की क्रँकचे (पॅडल बसतं त्या दांड्याचे) आटे जातात. कॉटर (क्रँक पक्का धरणाऱ्या खिळी) दोन्हीकडे एकाच बाजूनं ठोकले की दोन पॅडल एका रेषेत येत नाहीत. या चुका मिस्त्री सुधारून देत नाहीत, दाखवतात. आणि तीन मिलिमीटर आऊट हा धोका नव्हताच. त्या जुन्या सायकलचा ब्रेक दांड्याचा, त्याचं रबर रिमला खालून वर ओढून दाबतं. तिथे चाकाचा उंचवटा नडतो, बाजूचा एवढा आऊट नाही. कॅलिपर ब्रेक असता तर रबर घासलं असतं, तरी माणूस पडला नसता. ती दुरुस्ती फोटोसाठी होती.

मीच पूर्वी म्हणत असे की प्रदर्शन हवंच, पालक डोळ्यांनी बघतील तरच पटेल. आता वाटतं की प्रदर्शन असलं की आठवड्यातला प्रत्येक मोठा माणूस शनिवारकडे डोळे लावून बसतो आणि बुधवार कुणालाच परवडत नाही. पण ते आधीचं म्हणणंही मला खोडता येत नाही. प्रदर्शनानंतर येणाऱ्या देणग्यांतूनच सियागंजच्या बाजारातून पाने आणि ग्रीस येतं, मिस्त्रींचे पैसे निघतात. मिस्त्री सहा दिवस दुकान बंद ठेवतात. त्यांना शाल-श्रीफळ नको, सहा दिवसांची पूर्ण मजुरी हवी, शाळेतल्या सरांच्या हिशेबानं. हे मी प्रत्येक सभेत बोलते आणि प्रत्येक सभेत विषय बदलला जातो.

"हे सगळं नव्या धोरणात आहेच की," असंही ऐकते. आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जायचं म्हणून, आणि त्याच्या मार्गदर्शक सूचना आपल्याच भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेनं तयार केल्या आहेत. मला ते मनापासून हवं आहे. पण नववीनंतर काय? कॉटर ठोकायची ताकद मनगटात येते तेव्हाच आपण मुलांना क्लासमध्ये बसवतो. याच राज्यात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकू लागली. ते काम तीस वर्षं चाललं आणि 2002 साली सरकारनं थांबवलं. म्हणून "धोरणात आहे" एवढ्यानं माझा जीव भांड्यात पडत नाही.

आठवडा कमी पडतो, हेही मान्य. जोडीत ज्याचा हात चालतो तोच काम करतो आणि दुसरा ट्रे धरतो, आणि लक्ष ठेवलं नाही तर ट्रे मुलीच्याच हातात जातो. दर वीस मिनिटांनी पाना बदलून घ्यावा लागतो. पंक्चरला सोल्युशन लावून पाच मिनिटं सुकू द्यायचं, हे सांगूनही मुलं ओलं असतानाच ठिगळ दाबतात आणि ते सुटतं. निपलमधून वर आलेलं स्पोकचं टोक कानशीनं घासायचं राहतं, म्हणून गुरुवारी काढलेलं पंक्चर शुक्रवारी परत होतं. वर्षभरानं पुष्कळांना काही आठवत नाही. पुढे 44 दात आणि मागे 18 असले तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते, हे ती जमिनीवर खडूनं मोजतात, गणिताच्या सरांना ते फार आवडतं. पण मी आठवडा त्यासाठी मागत नाही. मागते ते बुधवारी दुपारी बिघडलेलं चाक गुरुवारी त्याच मुलाला परत मिळावं म्हणून.

यंदा शाळेनं कळवलंय की प्रदर्शन नसेल तर आठवडाही नाही. मी उलट कळवलंय की प्रदर्शन ठेवा, पण शुक्रवारी दीड वाजता खोलीला कुलूप लागेल आणि किल्ली मुलांकडे राहील. प्रत्येक सायकलीपुढे तिची वही उघडी असेल, उरलेल्या आऊटच्या मिलिमीटरांसकट. उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी व्यवस्थापनात असाल तर तिथे विचारा.