फळीची दुसरी बाजू

"डेक पाडायचा आहे. पाडायचे किती घ्याल?" काकांनी फोनवर एवढंच विचारलं. बांधायचे किती, हा प्रश्नच नव्हता. घरामागच्या अंगणातला लाकडी डेक, म्हणजे जमिनीपासून उचललेला फळ्यांचा ओटा, साधारण 5 मीटर लांब, 3.5 मीटर रुंद, जमिनीपासून जेमतेम 45 सेंमी उंच. आधी एक ठेकेदार येऊन गेला होता. सगळं उखडा, नवा सांगाडा उभारा, वर कठीण लाकडाच्या फळ्या घाला, असं त्याने सांगितलं होतं. तो आकडा ऐकून काकांनी डेकचा नादच सोडला होता.

मी गेलो तेव्हा डेक खरोखर वाईट दिसत होता. फळ्या राखाडी पडलेल्या, टोकं फाटलेली, खिळे वर आलेले आणि प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचा काळा ओघळ. वर हलका, डुगडुगणारा कठडा. पायऱ्या म्हणून एका कोपऱ्यात अरुंद खोका ठेवलेला.

पण डेक मी वरून पाहून ठरवत नाही. आडवा झालो, टॉर्च घेतला आणि खाली सरपटत गेलो. फळ्या ज्यांवर टेकतात त्या प्रत्येक वाशात, प्रत्येक खांबाच्या बुंध्याशी स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. इथे कुठेच शिरला नाही. कुजू नये म्हणून दाबाखाली औषध मुरवलेलं पाइन होतं, वासे 40 सेंमी अंतरावर, सरळ आणि कोरडे. बाहेर येऊन मी काकांना विचारलं, "हा बांधला कधी?" काकू आतून जुनं बिल घेऊन आल्या. 2011 सालचं.

ते साल मला हवंच होतं. पूर्वी अशा लाकडात तांबं आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिकही मुरवत. इथे अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती कामासाठी ते बंद झालं आणि तांब्यावर आधारलेली दुसरी औषधं आली. जुन्या, आर्सेनिकवाल्या फळीला मी सँडर लावत नाही, ती धूळ विषारी असते. 2011 चा डेक म्हणजे घासता येईल. मास्क मात्र लागतोच, कारण औषध मुरवलेल्या लाकडाची धूळ कुठलीही असो, छातीत जाऊ देऊ नये. आणि असे तुकडे शेकोटीत तर कधीच घालू नयेत.

मग पहार लावून मी मधली एक फळी उचलली आणि तिथल्या तिथे उलटी केली.

काका काही बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी हात फिरवला. वरची बाजू राखाडी, खडबडीत. खालची बाजू मधाच्या रंगाची, घट्ट, रेषा स्पष्ट. लाकूड राखाडी पडतं ते उन्हाने. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन तोडतात, पावसात ते धुऊन जातं आणि वर पांढुरके तंतू उरतात. हे सगळं वरच्या अगदी पातळ थरात घडतं. खालच्या बाजूला ऊन लागलंच नव्हतं. "म्हणजे चांगलं लाकूड आपल्याकडेच होतं?" काकूंनी विचारलं. हो, होतं.

त्या क्षणी मी पाडण्याचं काम नाकारलं आणि दुसरं काम मागितलं.

पैसे मोजकेच होते, म्हणून ते कुठे लावायचे यावर आमची खरी चर्चा झाली. माझा पहिला खर्च काकांना मुळीच पटेना, कारण तो कोणाला दिसणारच नव्हता. डेकची घराकडची बाजू भिंतीला लावलेल्या लाकडाच्या एका आडव्या पाटीवर टेकलेली होती आणि ती पाटी नुसत्या खिळ्यांवर होती. डेक कोसळतात ते बहुतेक याच जोडात. खिळा भार धरतो, पण ओढ बसली की हळूहळू बाहेर सरकतो. वर पत्र्याची पट्टी नसेल तर भिंत आणि पाटी यांच्यामध्ये पाणी साचून दोन्ही कुजतात. "दिसणाऱ्या कामावर पैसे लावा ना," काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, आधी हे. नाहीतर वरचं काही मी करणार नाही." आरपार बोल्ट टाकले, वर पट्टी बसवली, प्रत्येक वाशाच्या माथ्यावर ब्यूटाइलची, म्हणजे रबरासारखी, चिकट पट्टी ओढली. त्या पट्टीने जुन्या खिळ्यांची भोकं बुजली, म्हणजे पाणी वाशाच्या पोटात उतरणार नाही.

आता दिसण्याकडे येतो. एवढी वर्षं बाहेरची कामं करून माझं मत पक्कं झालं आहे: डेक स्वस्त दिसतो तो लाकडामुळे नाही, टोकांमुळे. फळीचा सपाट पृष्ठभाग कोणी निरखून पाहत नाही. नजर जाऊन थांबते ती फळी संपते तिथे, दोन फळ्या भेटतात तिथे आणि डेक संपून जमीन सुरू होते तिथे. त्या तिन्ही जागा बहुतेक डेकवर तशाच सोडून दिलेल्या असतात.

फळीच्या टोकाला तंतू उघडे असतात. तिथून पाणी सपाट पृष्ठभागाच्या मानाने कितीतरी पटीने जास्त आत शिरतं, म्हणून फाटते ती आधी टोकालाच. काकांच्या फळ्यांची दोन्हीकडची टोकं गेली होती, मधलं सगळं शाबूत होतं. मी तीन बाजूंनी चौकट घ्यायचं ठरवलं: डेकच्या कडेने एक फळी फिरवायची आणि आतल्या फळ्या तिच्यात येऊन थांबवायच्या. चौकटीच्या रुंदीएवढ्या आतल्या फळ्या आखूड होतात. जे कापावं लागणार होतं तेच नेमकं खराब होतं. खराब भाग गेला, उघडी टोकं चौकटीआड लपली आणि डेकला कड आली.

चौकटीला मात्र नवीन फळ्या लागणार होत्या आणि नवं लाकूड जुन्याशी कधीच रंगाने जुळत नाही. मी जुळवायला गेलोच नाही. चौकट मुद्दाम गडद ठेवली, जवळजवळ काळपट तपकिरी, आणि आतलं अंग मधाळ. पाहणाऱ्याला ती निवड वाटते. ती निवड होतीच, फक्त तिच्यामागे मोजक्या नव्या फळ्यांचा हिशोब होता.

चौकट नुसती ठेवून चालत नाही, तिला खालून आधार लागतो. बाजूच्या दोन फळ्या वाशांना समांतर जातात, त्यांच्या आतल्या कडेखाली काहीच नसतं. तिथे दोन्हीकडे जोडीला नवे वासे घातले आणि मध्ये ठोकळे बसवले. कोपऱ्यांत काकांना 45 अंशांचा जोड हवा होता. घरातल्या फोटोच्या चौकटीला तो शोभतो. उन्हापावसात लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे तो कोन बदलतो आणि आतल्या कोपऱ्याला फट पडते. मी समोरची फळी सलग ठेवली आणि बाजूच्या फळ्या तिला काटकोनात आणून भिडवल्या. कापलेल्या प्रत्येक टोकाला औषध लावलं, कारण मुरवलेलं औषध बऱ्याचदा फळीच्या गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं.

उलट्या फळ्या बसवण्याचा दिवस या कामातला सगळ्यात मोठा दिवस होता. सकाळी सात-आठ फळ्या लागल्या आणि काका खुर्ची टाकून बसले ते उठलेच नाहीत. आधी प्रत्येक फळी 60 नंबरच्या आणि मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेली होती. त्याहून गुळगुळीत करायचं नाही. पृष्ठभाग फार बंद झाला की रंग आत मुरत नाही. वाशांवर टेकलेल्या जागी आडवे पट्टे उमटले होते. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने ते आणि गंजाचे डाग बरेचसे गेले. हातमोजे, चष्मा, आणि आजूबाजूची झाडं आधी भरपूर पाण्याने भिजवून, नंतर सगळं पुन्हा धुऊन. राहिलेले पुसट पट्टे परत वाशांवरच आले, तिथे स्क्रूची ओळ येणारच होती.

फळ्यांमध्ये 5 मिमीची एकसारखी फट, सगळीकडे त्याच एका ठोकळीने मोजून. स्क्रू स्टेनलेसचे, कारण औषधातलं तांबं साध्या लोखंडाला खातं. जुन्या खिळ्यांचं काय झालं ते समोरच होतं. आणि स्क्रू दोरीवर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुताने रेघ मारायची आणि एकही डोकं तिच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. माझ्याबरोबरच्या पोराने विचारलं, "दादा, दोन मिलिमीटरने काय फरक पडतो?" मी त्याला सरळ झालेल्या ओळीच्या टोकाशी उकिडवं बसवलं आणि एक डोळा मिटून बघायला सांगितलं. नंतर तो स्वतःच दोरी ताणून घ्यायला लागला. खिळ्यांची जी भोकं स्क्रूखाली झाकली गेली नाहीत त्यांत त्याने लाकडाच्या बारीक खुंट्या मारल्या आणि सपाट कापल्या. कंटाळवाणं काम आहे, त्याने मन लावून केलं.

फळ्यांची टोकं चौकटीकडे जराशी लांबच सोडली होती. सगळ्या बसल्यावर एकच रेघ मारली, सरळ पट्टी अडकवली आणि कटर मशीन एका दमात शेवटपर्यंत नेलं. एकेक फळी मोजून कापली असती तर ती रेषा इतकी सरळ आली नसती. बाजूच्या चौकटीच्या फळ्या शेजारी ठेवल्या तेव्हा काकू दारातून म्हणाल्या, "हा आपलाच आहे का?"

कठडा मी काढून टाकला. किती उंचीपासून कठडा सक्तीचा हे देशोदेशी वेगळं आहे, बऱ्याच ठिकाणी 60 सेंमी ते 1 मीटर. काढण्याआधी आपल्याकडचा नियम पाहायलाच हवा. 45 सेंमीला इथे गरज नव्हती आणि त्या डुगडुगत्या कठड्याने अंगण आणि घर यांच्यात उगाच जाळी उभी केली होती. त्याच्याऐवजी समोरच्या पूर्ण रुंदीला दोन पायऱ्या घातल्या. 15 सेंमीचे तीन चढ, प्रत्येक पायरी तीन फळ्यांची, म्हणजे सुमारे 43 सेंमी खोल. चालता येतं, बसताही येतं. तिन्ही चढ अगदी सारखे. एखादा थोडा जरी कमीजास्त झाला तरी पाय फसतो. या पायऱ्यांना नवं लाकूड सगळ्यात जास्त लागलं आणि मला तो खर्च सगळ्यात सार्थ वाटतो. डेक आहे तेवढाच राहिला, पण अंगणात उतरून आल्यासारखा वाटायला लागला.

बाजूंनी खालचा सांगाडा दिसत होता. तिथे आडव्या पट्ट्या लावल्या, मध्ये बोटभर फटी ठेवून, कारण खाली हवा खेळली नाही तर सगळं परत कुजेल. पट्ट्यांमागचं लाकूड काळं रंगवलं. वरची फळी कडेच्या बाहेर 2.5 सेंमी काढली होती, तिची सावली त्या काळ्यावर पडते आणि डेकची कड वेगळी उठून दिसते.

रंगावरून काकूंशी थोडा वाद झाला. त्यांना चकचकीत व्हार्निश हवं होतं. व्हार्निश लाकडावर पापुद्रा धरतं. उन्हात तो तडकतो, खाली पाणी जातं आणि मग सोलून काढण्यापलीकडे उपाय उरत नाही. आत मुरणारा, अर्धपारदर्शक तेली रंग झिजतो पण सोलत नाही. धुऊन पुन्हा लावता येतो. मी एका तुकड्यावर तो लावून त्यांच्या हातात दिला, त्या मानल्या. लावताना फळी मध्येच सोडायची नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन मगच पुढची. नाहीतर ओव्हरलॅपचे डाग कायमचे राहतात. जादाचं तेल पुसून घ्यायचं. त्या चिंध्या मात्र कधी बोळा करून टाकायच्या नाहीत. तेल सुकताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. आम्ही त्या बाहेर एकेक पसरून वाळवल्या.

शेवटी दिवे. 12 व्होल्टच्या बारीक एलईडी पट्ट्या, 2700 केल्विनच्या पिवळसर उजेडाच्या, पायऱ्यांच्या ओठाखाली लपवलेल्या. दिवा दिसू द्यायचा नाही, फक्त पायरीवर पडलेला उजेड दिसला पाहिजे.

काम संपलं त्या संध्याकाळी काकांचा मुलगा आला. पाडून टाका असा सल्ला त्याचाच होता. तो पायऱ्या चढून वर आला, बुटाने फळी दाबून पाहिली आणि मला विचारलं, "कुठलं लाकूड आणलंत?" काका म्हणाले, "आणलं नाही. उलटं केलं." मुलगा गुडघ्यावर बसला, खुंटी मारलेली एक जागा त्याला सापडली आणि मग तो एकेक जागा शोधत पुढे सरकत गेला. माझ्याबरोबरच्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद मी त्या वेळी पाहिला.

निघताना मी उरलेल्या रंगाच्या डब्यावर रंगाचा क्रमांक आणि लावल्याची तारीख लिहिली. मुलाला सांगितलं, वर्षातून एकदा फळीवर थोडं पाणी टाकून बघा. थेंब उभे राहिले तर रंग शाबूत आहे, पाणी लगेच मुरलं तर धुऊन एक हात मारा. आधी पायऱ्या तपासा, ऊनही तिथेच जास्त आणि पायांची ये-जाही. त्याने तिथल्या तिथे बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं.