चांदणी गाय तीनदा उलटली, दोष कांडीचा नव्हताच

आमच्याकडं संगमनेर तालुक्यात ६ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायी, त्यात चांदणी म्हणजे २२ लिटरवाली, बँकेचा हप्ता तीच भरते म्हणा ना. गेल्या वेळी ऑगस्टमधे व्याली, तिसरं वेत, गोऱ्हा अंगानं मोठा, दोघांनी मिळून ओढून काढला. रात्र गेली, सकाळ झाली तरी जार (वार) पडेना. ८ ते १२ तासात पडायला पाहिजे हे मला फार उशिरा कळलं, तोवर आमच्या आज्जीनं लोंबणाऱ्या जाराला वजनानं पडेल म्हणून चप्पल बांधून झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या एकानं कोपरापर्यंत हात घालून तुकड्या तुकड्यानं ओढून काढला, वर ५०० रुपये घेतले. आणि आम्ही खूश.

पाचव्या दिवशी गोठ्यात पाय टाकला तर उंदीर मरून पडल्यासारखा वास. शेपटीला तांबूस घाण पाणी चिकटलेलं, ताप १०५, दूध ९ लिटरवर. डॉक्टरांनी ५ दिवस इंजेक्शनं दिली, तेवढे दिवस आणि त्यापुढंही सांगितलं तेवढे दिवस डेअरीला दूध बंद. मग खायला लागली, दूध चढलं, घाण थांबली. मी समजलो विषय संपला.

दोन महिन्यांनी माज आला, भरवली (कृत्रिम रेतन केलं). २१ दिवसांनी परत माजावर. परत भरवली, परत उलटली, म्हणजे गाभ न धरता माजावर आली. असं तीनदा. कांडीला (भरवायच्या वीर्याच्या नळीला) शिव्या घातल्या, भरवणाऱ्याला घातल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून मोड आलेले गहू पण चारले. माज तर घड्याळ लावल्यासारखा येत होता, म्हणून गर्भपिशवीत काही असेल असं डोक्यातच आलं नाही. सोट (माजातला चिकट स्राव) लांबून बघायचो, काचेसारखाच दिसायचा.

चौथ्या माजाला दुसरे डॉक्टर आले, म्हणाले आज भरवायची नाही. सोट तळहातावर घेऊन उन्हात धरला तर आत पांढरे बारीक कण, खोबऱ्याचा कीस पडल्यासारखे. मग काचनळीत थोडा सोट, तेवढंच ५ टक्के कॉस्टिक सोड्याचं पाणी, आणि आमच्याच गॅसवर उकळी आणली (बायको वैतागली ते सोडा). नळीतलं पिवळं झालं. म्हणाले हा आतला पू, पिशवीचं अस्तर सुजलंय, गर्भ धरला तरी रुजणार कुठं? आणि जार हातानं ओढला ना, तिथंच अस्तर फाटतं, घाण आत जाते, असंही म्हणाले. मी गप्प.

३ दिवस पिशवीत औषध सोडलं आणि तो माज वाया घालवला. आधीच ५ महिने गेलेले, त्यात आणखी २१ दिवस म्हणजे जिवावर आलं होतं खरं. पुढच्या माजाला परत नळी उकळली, रंग बदलला नाही, सकाळी माज दिसला म्हणून संध्याकाळी भरवली. अडीच महिन्यांनी हात घालून तपासलं, गाभण!

विण्याआधी दूध आटवल्यापासून खनिज मिश्रण चुकवलं नाही. नोव्हेंबरात रात्री १० वाजता व्याली, कालवड झाली. मी बॅटरी घेऊन गोठ्यातच बसलो, आज्जीला सांगून ठेवलं होतं चप्पल पायातच ठेव. पहाटे ३ ला जार आपोआप पडला, पसरून पुरा आहे का बघितला, पुरला, मग झोपलो.