औषध होतं की नुसतं सलाईन? (कॅल्सिफिलॅक्सिसच्या ट्रायलमधला माझा अनुभव)

डायलिसिसचं चौथं वर्ष चालू होतं तेव्हा मांडीवर जांभळट जाळीसारखे डाग उठले, दाबलं की आत खडे भरल्यासारखं टणक लागायचं. मला वाटलं कुठेतरी आपटलं असेल. पण पंधरा दिवसांत चादरीचा काठ घासला तरी किंकाळी फुटायला लागली. आधी एकांनी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं, त्यात महिना गेला, तोवर मधला भाग काळा पडून फुटला होता. किडनीच्या डॉक्टरांनी मात्र बघताक्षणी विचारलं, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) घेताय का? घेत होते, हृदयाच्या ठोक्यांसाठी. ते बंद केलं, कॅल्शियमच्या गोळ्या बंद, आणि मग आजाराचं नाव कळलं, कॅल्सिफिलॅक्सिस. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, रक्त पोचत नाही आणि मांस मरतं. नेटवर वाचू नका असं डॉक्टर म्हणाले, मी त्याच रात्री वाचलं, जवळजवळ निम्मे पेशंट वर्षभरात जातात वगैरे. झोप उडाली.

सोडियम थायोसल्फेट चालू केलं, डायलिसिसच्या शेवटच्या तासात २५ ग्रॅम, आठवड्यातून तीनदा. घरी जाताना गाडीत पिशवी हातात धरूनच बसायचे, इतकी मळमळ. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) जगभर वर्षानुवर्षं हेच देतात पण ते नक्की चालतं का याची धड चाचणी झालेली नव्हती, कारण असे पेशंट गोळा करायलाच मिळत नाहीत.

तेवढ्यात एसएनएफ४७२ ची ट्रायल निघाली. कॅल्शियमचे स्फटिक वाढू न देणारं औषध. १२ आठवडे कोणाला औषध, कोणाला प्लासिबो (म्हणजे औषधाच्या नावाखाली नुसतं सलाईन) ते कॉम्प्युटर ठरवणार, पुढचे १२ आठवडे सगळ्यांना औषध. मी आधी चिडले, एवढ्या वेदनेत मला पाणी टोचणार? पण थायोसल्फेट चालू ठेवता येणार होतं म्हणून सही केली.

सगळ्यात जड गेलं ते जखमेचं मोजमाप. नर्स शेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो काढायची, कडा किती खोल, काळं किती, लाल किती ते लिहायची, आणि मग मला एका सरळ रेघेवर आजची वेदना कुठे ती खूण करायला लावायची. मी एकदा रेघेच्या बाहेर खूण केली. ती काही बोलली नाही, नवीन कागद दिला.

नवव्या आठवड्यात कडेनं गुलाबी दिसायला लागलं. घरच्यांनी ठरवूनच टाकलं की मला खरं औषध मिळतंय.

मग निकाल आला. एकूण ७१ जण होते, आणि जखम नि वेदना दोन्ही गटांत कमी झाल्या, औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे प्लासिबोवालेही सुधारले! मला वाटतं इतकं बारकाईनं ड्रेसिंग आणि लक्ष आधी कोणी दिलंच नव्हतं, पण हे माझं मत.

मला पहिले १२ आठवडे काय मिळालं ते मी अजून विचारलेलं नाही. अहो रोज म्हणतात फोन कर. करीन.