होमलॅब नोंद: प्रॉक्समॉक्सचा रूट पासवर्ड

अमळनेरच्या मावसभावाचा जुना मिनी पीसी भुसावळला माझ्या टेबलावर आला, तो बंद कुलपासारखा. प्रॉक्समॉक्स ८ (एका मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली) चालू, आत दुकानाच्या बिलिंगचा व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालू, पण रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड कुणालाच आठवेना. त्याला फोन केला तर म्हणे, "काय माहीत भो, मांजरीचं नाव अन् पुढे काहीतरी आकडे."

नव्याने इन्स्टॉल करायचा विचार लगेच सोडला. इन्स्टॉलर निवडलेली अख्खी डिस्क पुसतो, आणि व्हीएमच्या डिस्क त्याच एसएसडीवर एलव्हीएम-थिनमध्ये (लिनक्सची डिस्कची जागा वाटून देण्याची पद्धत) होत्या. आधी ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवरच्या लॉगिन पानावर रिअल्म (खातं कुठल्या यादीत तपासायचं ते) 'पॅम', म्हणजे लिनक्सची स्वतःची खाती, हाच निवडलाय ना, ते पाहिलं. तिथे 'पीव्हीई', म्हणजे प्रॉक्समॉक्सची वेगळी यादी, राहिलं तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. मग भावाच्या लॅपटॉपवर एसएसएच की (पासवर्डशिवाय दुरून लॉगिन करू देणारी किल्ली-फाइल) शिल्लक आहे का ते विचारलं, कारण ती किल्ली असती तर आत शिरून 'पासडब्ल्यूडी' ही पासवर्ड बदलण्याची कमांड मारली की झालं. पण लॅपटॉप कधीच फॉरमॅट झालेला.

आता रीस्टार्टला पर्याय नव्हता, पण प्लग उपटायचा नाही. स्क्रीन-कीबोर्ड जोडून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं. लॉगिन न करताही सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) नीट रीबूट करतो आणि त्याआधी व्हीएमना बंद व्हायला सांगतो. बिलिंगचा डेटाबेस आत असताना एवढा धीर धरावाच.

ग्रब, म्हणजे मशीन सुरू होतानाचा बूट मेनू, दिसताच 'ई' दाबलं. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीत 'आरओ'च्या (फक्त वाचा) जागी 'आरडब्ल्यू' (वाचा-लिहा) केलं, शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडलं, म्हणजे सिस्टमडीऐवजी नुसता बॅश हा कमांड प्रोग्राम सुरू होतो, आणि कंट्रोल-एक्स. थेट रूटचा शेल, म्हणजे कमांड द्यायची खिडकी! 'आरओ' तसंच ठेवलं तर 'पासडब्ल्यूडी' ऑथेंटिकेशन टोकनची तक्रार करतं. तेव्हा रूट पार्टिशन लिहिण्याजोगं करून पुन्हा माउंट करावं लागतं. जुना पासवर्ड काही सापडत नाही, पासवर्ड ठेवणाऱ्या शॅडो फाइलमध्ये त्याचा फक्त हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारा सांकेतिक ठसा, असतो. नवीन घातला, 'सिंक' करून बदल डिस्कवर पक्के केले आणि 'रीबूट -एफ'. इथे सिस्टमडी चालू नसल्यामुळे साधं 'रीबूट' चालत नाही.

रीबूटआधी मध्येच सहज '/ईटीसी/पीव्हीई' हे व्हीएमच्या सेटिंग्जचं फोल्डर उघडून पाहिलं तर रिकामं. नवख्याच्या छातीत धस्स व्हावं असंच दृश्य! पण ते खरं फोल्डर नाहीच. व्हीएमच्या कॉन्फिग एका एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) फाइलमध्ये असतात, '/व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टर'खाली, आणि पीएमएक्ससीएफएस ही प्रॉक्समॉक्सची सेवा सुरू झाली की इथे दिसतात. आपण तर बॅशवरच थांबलेलो. रीबूटनंतर सगळं जागच्या जागी होतं.

तरी वेब इंटरफेस उघडेना, टीओटीपीचा, म्हणजे फोनमधल्या ॲपवर सतत बदलणारा, कोड मागू लागला. तो भावाच्या जुन्या फोनमध्ये, आणि फोन विकलेला. सुदैवाने ही दुसरी पायरी वेबवरच्या लॉगिनला असते, मशीनसमोरच्या कन्सोलला नाही. तिथे नव्या पासवर्डने शिरून ही दुसरी पायरी काढून टाकणारी 'पीव्हीईयूएम यूजर टीएफए डिलीट रूट@पॅम' ही कमांड चालवली आणि काम फत्ते.

ज्यांच्याकडे मुख्य (रूट) पार्टिशन झेडएफएस या फाइल सिस्टमवर आणि बूट यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरने आहे, त्यांना बहुधा ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट या दुसऱ्या बूट प्रोग्रामचा मेनू दिसेल. तिथेही 'ई'च. ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची अशीच प्रणाली) वापरणाऱ्यांनी मात्र या नोंदीवर विसंबू नये, तिथलं प्रकरण वेगळं आहे.

कीबोर्ड लावणारा कुणीही रूट होऊ शकतो हे आता डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे ग्रबला पासवर्ड आणि डिस्कला एन्क्रिप्शन, दोन्ही यादीत आलेत. पण त्याआधी बिलिंगच्या व्हीएमचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, आणि मे महिना यायच्या आत या डब्याला एक बरा पंखा.