पावसाच्या तोंडावरची जांभ्याची भिंत

कोकणात हल्ली जुनं घर दुरुस्तीला काढलं की पहिलं काम काय, तर बाहेरचा गिलावा खरवडायचा, जांभा उघडा करायचा, वर कुठलंतरी चकचकीत ट्रान्सपरंट कोटिंग मारायचं आणि फोटो टाकायचे. फोटो खरंच छान येतात, लाल दगड, मागे माड, वर कौलं, मलाही आधी तसंच काहीतरी करावंसं वाटायचं. पण वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत साफ करून नीट करताना जे बघितलं त्यानंतर माझं मत पक्कं झालंय. पावसाच्या तोंडावरची जांभ्याची भिंत उघडी ठेवू नये, आणि सिमेंटखाली तर मुळीच गाडू नये, तिला चुना लागतो. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण आमच्याच वाडीत अजून काही घरं दुरुस्तीला निघालीयत आणि प्रत्येक जण एकमेकांचं बघून करतोय.

आधी दगडाबद्दल. घाटावरचा काळा दगड वेगळा, तो घट्ट, पाणी फारसं पीत नाही. जांभा म्हणजे उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत मूळ खडक झिजून झिजून त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोखंड अन् ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, असा तयार झालेला, म्हणून तो लाल आणि म्हणूनच भोकाभोकांचा. फ्रान्सिस बुकानननं १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडिपुरमच्या जांभ्याचं वर्णन लिहून ठेवलंय, की खाणीत असताना लोखंडी हत्यारानं सहज कापता येतो आणि हवेत राहिला की विटेसारखा कडक होतो. आपल्याकडच्या चिरेखाणीतही तेच, काढलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, लगेच बांधकामाला घेत नसत, उन्हात ठेवून चांगला सुकू देत. म्हणजे चिऱ्याचं जे काही बळ आहे त्यातलं बरंचसं त्या वरच्या कडक झालेल्या सालीत असतं. ती साल गेली की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि मग दर पावसाळ्यात थोडा थोडा झडत जातो. हे एक डोक्यात ठेवलं की साफसफाईत काय करायचं आणि काय नाही हे बरंचसं आपोआप ठरतं.

आमची भिंत दोन फूट जाडीची, चिरे मातीत बसवलेले, दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्यानं भरलेल्या, आणि मूळचा गिलावाही चुन्याचाच. नव्वदच्या दशकात सगळीकडे करत होते तसं आमच्याकडेही तो काढून सिमेंटचा गिलावा झाला आणि वर प्लास्टिक पेंट. तेव्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं की आता घर पक्कं झालं. पुढच्या काही वर्षांत आतल्या खोलीत कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल दिसायला लागली, कपाटाच्या मागे बुरशी, कपड्यांना वास. उपाय म्हणून परत सिमेंट, परत वॉटरप्रूफिंग, परत रंग. ओल काही हटली नाही, फक्त अजून वर सरकली. हे असं का होतं ते आमच्या मेस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं, "पाणी भितर गेला तर भायर येवक वाट व्हयी." जमिनीतून पाणी वर चढतं, सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात त्यातूनही आत शिरतं, पण सिमेंट आणि प्लास्टिक पेंट एवढे घट्ट की ते वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडातच राहतं नाहीतर आतल्या बाजूनं निघतं. आणि पाण्याबरोबर क्षार येतात. सिमेंटच्या मागे त्यांचे खडे बनतात, फुगतात आणि दगडाची पूड करतात.

म्हणून दगडाला हात लावायच्या आधी पाण्याचं बघितलं, आणि माझं ठाम म्हणणं आहे की हेच पहिलं करावं, बाकी सगळं नंतर. पन्हळ एका ठिकाणी फुटलेली होती आणि तिथलं सगळं पाणी एकाच कोपऱ्यावर पडत होतं. भिंतीला लागून खाली सिमेंटचा कोबा केला होता, त्याचा उतार चक्क घराकडे. तो कोबा भिंतीपासून दोनेक फूट तोडून काढला, तिथे चर खणून खडी भरली आणि उतार बाहेरच्या बाजूला दिला. कौलांची शेवटची ओळ थोडी पुढे घेतली. पूर्वी पावसाळ्याआधी या बाजूला माडाची झापं विणून बांधायचे, त्याचं कारण आत्ता नीट कळलं. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा, पश्चिमेच्या भिंतीला तो थेट थोबाडीत बसतो. झापं होती तेव्हा भिंत कोरडी राहायची, हवा मात्र खेळायची. आता लोक निळं प्लास्टिक बांधतात, त्यानं पाऊस अडतो पण हवाही अडते, त्यामुळे बांधलंच तर भिंतीला चिकटून बांधू नका, मध्ये वीतभर जागा सोडा.

मग सिमेंट काढणं. दिवाळीनंतर सुरुवात केली, भिंत त्यातल्या त्यात सुकलेली असताना. हातोडीच्या लाकडी दांड्यानं सगळ्या भिंतीवर हळूहळू ठोकत जायचं, जिथे पोकळ आवाज येतो तिथे सिमेंट दगडापासून सुटलेलं असतं, तिथून छन्नी आडवी धरून सुरू करायचं. ते मोठमोठ्या पापुद्र्यांनी निघतं. खरा प्रश्न जिथे पोकळ आवाज येत नाही तिथला. तिथे जोर लावला की सिमेंटबरोबर चिऱ्याची सालच उपटून येते. अशा जागी ग्राइंडरनं फक्त सिमेंटच्या जाडीएवढ्या उभ्या आडव्या रेघा मारून छोटे छोटे चौकोन केले आणि एकेक सोडवला, आणि जिथे तेही जमत नव्हतं तिथे सरळ ठेवून दिलं. चार ठिगळं राहिली तरी चालतील पण दगड फोडायचा नाही असं मेस्त्रींचं म्हणणं होतं आणि ते मला पूर्ण पटलं. दोन-तीन चिरे मात्र आतून एवढे पोकळ झालेले की बोटानं माती निघत होती, ते काढून त्या जागी शेजारच्या पडक्या गोठ्याचे जुने चिरे बसवले, तासून मापात केलेले. नवीन मशीन कट चिरे मिळतात पण त्यांच्या कडा फार सरळ असतात, जुन्यात बसत नाहीत. पडकं बांधकाम दिसलं तर त्याचे चिरे खड्ड्यात भरायला देऊ नका हो, सांभाळून ठेवा.

आता साफसफाई. इथे सगळ्यात जास्त नुकसान प्रेशर वॉशरनं होतं, आणि नेमका तोच सगळे भाड्यानं आणतात. त्या झोतानं शेवाळ जातं तशी वरची सालही जाते, दर्जांमधला जुना चुना वाहून जातो आणि दोन फूट जाडीच्या भिंतीत खोलवर पाणी भरतं ते वेगळंच. ॲसिड तर घरातही आणू नका. फरशी धुवायचं ॲसिड चुना विरघळवतं, आणि मागे जे क्षार सोडतं ते पुढे वर्षानुवर्षं भिंतीतून फुलत राहतात. ब्लीचिंगचंही तेच. आम्ही काय केलं, तर आधी कोरड्या भिंतीवर काथ्याचा ब्रश. नारळाच्या काथ्याचा, साधा, बाजारात मिळतो तो. वाळलेलं शेवाळ त्यानंच निम्म्याहून जास्त पडतं. भोकांमधलं काढायला बांबूच्या कामट्या टोकदार करून घेतल्या. तारेचा ब्रश नाही, एकतर तो जांभ्याला ओरबाडतो आणि त्याच्या तुटलेल्या तारा भोकांत अडकून गंजतात. मग बागेच्या साध्या पाइपनं वरून खाली, हळू पाणी सोडत, त्याच काथ्याच्या ब्रशनं. दगडफुलाचे करडे गोल डाग होते ते मी मुद्दाम ठेवले, जिथे दगड घट्ट होता तिथे. ते काढायच्या नादात दगडच जास्त खरवडला जातो आणि शेवटी वर चुना येणारच आहे.

पिंपळाचं वेगळं सांगायला हवं. कोपऱ्यात दर्जेतून दोन रोपं आली होती, एक तर मनगटाएवढं जाड. ती ओढून उपटायची नाहीत, कारण मुळं आत चिऱ्यांमध्ये पसरलेली असतात, ओढलं की चिराच हलतो. बुंध्याशी कापलं, ताज्या कापावर लगेच छोट्या ब्रशनं तणनाशक लावलं, फक्त त्या कापावर, इकडेतिकडे नाही, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. नंतर तिथले चिरे मोकळे करून मेलेली मुळं काढली आणि परत बसवले. नुसतं कापून सोडलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमानं आला असता.

सिमेंट निघाल्यावर खालच्या भागावर सगळीकडे पांढरा लोणा, म्हणजे वर आलेले क्षार. तो कोरडा असताना झाडून, खाली कागद पसरून गोळा करून टाकायचा, पाणी मारून धुवायचा नाही, नाहीतर परत दगडात जातो. त्यानंतर एक स्वस्त उपाय केला जो मला फार आवडला. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा साध्या पाण्यात भिजवून भिंतीवर बोटभर जाड थापायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना दगडातलं पाणी लगद्यात येतं, बरोबर क्षार येतात, लगदा सोलून फेकून द्यायचा आणि परत नवा थापायचा. वेळ लागतो, पण प्रत्येक वेळी सोललेल्या कागदावर पांढरी खरड कमी कमी होत जाते ते डोळ्यांनी दिसतं.

या सगळ्यात एक सुंदर गोष्ट सापडली. पडवीच्या कोपऱ्यात सिमेंटखाली जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा एक तुकडा शिल्लक होता, आणि त्यावर कावेचा, म्हणजे लाल मातीच्या रंगाचा पट्टा, त्यात खरवडून काढलेली वेलबुट्टी. कावी म्हणतात ती, ओल्या चुन्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा दाखवायचा. गोव्यात आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांमध्ये मोठी मोठी चित्रं आहेत अशी, आमच्याकडे फक्त हातभर पट्टी. म्हणजे ज्यांनी घर बांधलं त्यांना दगड उघडा दाखवायचाच नव्हता, त्यांनी चुना लावून वर नक्षी काढली होती. तो तुकडा तसाच ठेवलाय, कडेनं चुना भरून पक्का केलाय.

चुन्याबद्दल किती लिहू असं झालंय. किनाऱ्यावर पूर्वी चुना शिंपल्यांचा असायचा. शिंपला काय किंवा चुनखडी काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, साधारण ९०० अंशांपर्यंत भाजलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की खळखळ उकळतो, हे काम पोरंटोरं लांब ठेवून, गॉगल आणि हातमोजे घालूनच करायचं, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. विरलेला चुना गाळून ड्रममध्ये वर पाणी ठेवून मुरवत ठेवला, जेवढा मुरेल तेवढा लोण्यासारखा होत जातो. दर्जांसाठी एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि त्यातल्या वाळूचा काही हिस्सा कमी करून सुरखी, म्हणजे भाजलेल्या मातीची पूड, घातली. सुरखी आम्ही घरच्याच फुटक्या जुन्या कौलांची कुटून केली, चाळून. सुरखीनं चुना ओलसर जागीही धरतो, नुसता चुना फक्त हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि त्याला फार वेळ लागतो. वाळू नदीची, खाडीची नाही, खाडीच्या वाळूत मीठ असतं आणि मग क्षारांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दर्जा सुट्या मातीपर्यंत साधारण इंचभर खोल मोकळ्या केल्या, भिंत आदल्या दिवशी आणि भरायच्या आधी परत भिजवली, चुना दाबून दाबून भरला. मोठ्या फटीत चिऱ्याच्या चिपा. वर ओली गोणपाटं लावून ठेवली, दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडायचं. मग गिलाव्याचा पातळ पहिला हात, तो नीट धरल्यावर दुसरा. मला पुण्याला परत जायची घाई असायची तर मेस्त्री म्हणायचे "चुनो घाई करूक देना नाय." शिमग्यापर्यंत गिलावा झाला, त्यानंतर उन्हं फार कडक होतात आणि चुना वाळून तडकतो, आणि फार उशीर केला तर पुरता कडक व्हायच्या आत पाऊस गाठतो.

चुलत भावाला पश्चिमेचीही भिंत उघडी हवी होती, होमस्टे करायचाय त्याला, पाहुण्यांना लाल दगड आवडतो. मी त्याला जुन्या गोव्याला घेऊन गेले. बॉम जेझसची बॅसिलिका, १५९४ ला बांधायला घेतलेली, आज लाल जांभ्याची दिसते आणि सगळ्यांना वाटतं ती पहिल्यापासून अशीच. ती अशी नव्हती. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच तिचा चुन्याचा गिलावा काढून टाकला, दगड उघडा दिसावा म्हणून, आणि तेव्हापासून तो जांभा पावसात झिजतोय, परत गिलावा करावा का यावर अलीकडे बरीच चर्चा झाली. समोरच से कॅथेड्रल पांढरंशुभ्र उभं आहे. दोन्ही एकाच पावसात. भाऊ जवळ जाऊन बॅसिलिकेचे झिजलेले दगड बराच वेळ बघत होता, परत येताना गाडीत म्हणाला ठीक आहे, पण पडवीच्या आतली भिंत तरी उघडी ठेवू. ती ठेवलीय. तिथे छप्पर आहे, पाऊस पोचत नाही, तिथे जांभा दिसायला काहीच हरकत नाही, कोटिंग मात्र कुठलंच मारू दिलं नाही.

पश्चिमेच्या भिंतीला चुन्याचे पातळ पातळ हात दिलेत, पाण्यासारखे, एक वाळला की दुसरा. पहिल्या पावसाळ्यात ती भिजल्यावर काळपट दिसायची आणि उघडीप आली की पुन्हा पांढरी व्हायची, म्हणजे पाणी बाहेर येतंय. आतल्या खोलीची ओल अजून पूर्ण गेलेली नाही, एवढ्या जाड भिंतीला सुकायला काही वर्षं लागतील, पण कपाटामागची बुरशी परत आलेली नाही. काकी म्हणते "वर्साक एकदा चुनो मारूचो, इतक्याच काम." ते दिवाळीनंतर उन्हं पडली की करायचं ठरलंय, ड्रममध्ये उरलेला चुना पाण्याखाली ठेवलाय, हवा लागत नाही तोवर तो खराब होत नाही, आणि ड्रमवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय की पाणी कमी झालं तर वरून घालत राहा.