लायका एम५ : मीटर मार्गी लागला, पुढे वाइड लेन्स

आधी बॅटरीचं, कारण लायकाचा हा जुना फिल्म कॅमेरा, एम५, घेणाऱ्या प्रत्येकाचं घोडं तिथेच अडतं. हा कॅमेरा निघाला तेव्हा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा पीएक्स६२५ सेल कुठेही मिळायचा. पाऱ्यावर बंदी आली आणि तो सेलही गेला. त्याच मापाचा आजचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्ट देतो, शिवाय वापरू तसा उतरत जातो. नवा असताना कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला आहे त्याहून जास्त उजेड दिसतो आणि निगेटिव्ह पातळ येते. मी सध्या कानयंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मापाला आणणाऱ्या रिंगमध्ये बसवून वापरतोय. साधारण १.४ व्होल्ट, आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढेच. मागचा स्टिकर काढला की वापरा-न वापरा, काही आठवड्यांत तो संपतो. पण स्वस्त आहे. हातातल्या मीटरशी ताडून पाहिलं तर फरक अर्ध्या स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). माझ्यासारख्या ब्लॅक अँड व्हाइटवाल्याला एवढं पुरे.

आता मोजण्याबद्दल. फिल्म पुढे सरकवली की लेन्सच्या मागे एक छोटा दांडा वर येतो. त्याच्या टोकाला उजेड टिपणारा सेल (बॅटरी नव्हे) असतो आणि तो फ्रेमच्या मधला जेमतेम ८ मिलिमीटर व्यासाचा गोल मोजतो. बटण दाबलं की शटरचा पडदा उघडण्याआधी दांडा बाजूला होतो. यांत्रिक कॅमेऱ्यात एवढी कसरत बसवली आहे, हे मला अजून पटकन खरं वाटत नाही. शटरच्या वेगाची चकती पुढच्या कडेबाहेर आलेली, त्यामुळे तर्जनीनेच फिरते, आणि निवडलेला वेग व्ह्यूफाइंडरमध्ये खाली दिसतो. मंडईत दुपारी छपराखाली उजेड गाळ्यागणिक बदलतो. तिथे डोळा कॅमेऱ्याला लावला तो रोल संपेपर्यंत काढावा लागला नाही. मीटर नसलेल्या जुन्या एम२वर हेच करताना दर वेळी मान खाली घालून चकती बघावी लागायची.

म्हणूनच माझं मत असं, की एम५ परंपरा सोडून गेला हा आरोप चुकीचा आहे. १९५४च्या एम३चा, म्हणजे एम मालिकेतल्या पहिल्या कॅमेऱ्याचा, सगळा खटाटोप कशासाठी होता? फोकस आणि फ्रेमिंग एकाच खिडकीतून व्हावं, डोळा हलू नये. एम५ने त्याच खिडकीत उजेड आणि वेगही आणून ठेवला. सोडला तो फक्त आकार. दांड्याला जागा हवी म्हणून अंग वाढलं, रिवाइंडची कळ तळाशी गेली, आणि सुरुवातीच्या प्रतींत पट्ट्याच्या दोन्ही कड्या एकाच बाजूला, म्हणजे कॅमेरा गळ्यात उभा लटकणार. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. पुढे तिसरी कडी आली, पण तोवर उशीर झाला होता.

गंमत म्हणजे १९७३मध्ये खुद्द लाइट्झनेच (लायका बनवणारी कंपनी) जपानच्या मिनोल्टाबरोबर आटोपशीर आणि स्वस्त सीएल हा कॅमेरा काढला. त्यात असाच दांडा आणि असाच मीटर होता, आणि तो हातोहात खपला. म्हणजे मीटरशी कुणाचं भांडण नव्हतं. एम५ १९७५मध्ये बंद झाला. एम३ दोन लाखांहून जास्त बनले होते. एम५ चौतीस हजारांच्या आसपास थांबला. एम मालिकाच गुंडाळायची वेळ आली होती. ती तगली कॅनडातल्या मिडलंडच्या कारखान्यामुळे. तिथून १९७७ला एम४-२ निघाला, मीटर नसलेला, जुन्या अंगाचा. लेन्समधून मोजणारा मीटर एम मालिकेत परतला तो थेट १९८४च्या एम६मध्ये. दांड्याऐवजी शटरच्या पडद्यावर पांढरा ठिपका, त्यावरून परतणारा उजेड मोजायचा, आणि बाहेरून जवळपास एम४च. तो सगळ्यांना आवडला, इतका की २०२२मध्ये कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला. वेत्झलरने, म्हणजे लायकाच्या जर्मनीतल्या मूळ घराने, एम५मधून घेतलेला धडा मला तरी हाच दिसतो: आत काय वाटेल ते बदला, हाताला कळू देऊ नका.

२०२५च्या एम ईव्ही१ या कॅमेऱ्यावरून ‘हा एमच का’ असा जो वाद झाला, तो म्हणूनच मला वेगळा वाटतो. तिथे अंग एमचंच ठेवलं, पण रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची काचेची खिडकी) काढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे छोटा स्क्रीन, बसवला. एम५ने रूप बदलून खिडकी राखली होती. इथे रूप राखून खिडकीच काढली. ५० मिमी लेन्स एफ१.४ला उघडून जवळून फोटो काढणाऱ्यांना, किंवा चष्म्याचा नंबर वाढलेल्यांना त्याचा फायदा आहे, नाही असं नाही. पण रेंजफाइंडरमध्ये फ्रेमच्या रेघांबाहेरचा माणूस आत शिरायच्या आधीच दिसतो, आणि रस्त्यावर माझं निम्मं काम त्यावर चालतं. ते गेलं तर मग लायकाचाच ‘क्यू’ काय वाईट? त्यात ऑटोफोकस तरी आहे. (किमतीबद्दल बोलत नाही. दोन्हींच्या किमती माझ्या पगाराच्या पलीकडच्या.)

पुढचा टप्पा वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सचा. इथे दांडा आडवा येतो: २१ मिमीच्या जुन्या सुपर-अँग्युलॉन लेन्सचा मागचा भाग इतका आत शिरतो की एम५वर मीटर वापरता येत नाही. आत ढकलायची घडीची एल्मार लेन्सही या बॉडीवर मिटायची नाही. मित्राकडून २८ मिमीची स्क्रू माउंटची लेन्स मिळणार आहे. अडॅप्टर लावून मागचा भाग किती आत जातो ते आधी कॅलिपरने मोजेन, मगच बॉडीवर चढवेन. शिवाय व्ह्यूफाइंडरमध्ये २८ची फ्रेम नाही, सगळ्यात रुंद ती ३५ची. वर लावायचा फाइंडर कुणाकडे पडून असेल तर कळवा.